दोनला हँग होणारी पट्टी

आधी सांगतो, हसू नका. मी लातूरला प्रोग्रामिंगचं काम करतो अन् आई उमरीला एकटी असते. तिच्याकडचं नेट चालू आहे का ते दिसावं म्हणून मी कोड लिहितो त्या एडिटरच्या खालच्या पट्टीत एक ठिपका बसवला. त्यामागचा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, माझीच. ती दर मिनिटाला घरच्या राउटरला हाक मारायची, उत्तर आलं की ठिपका हिरवा.

पण रोज दुपारी दोन वाजले की अख्खा एडिटर हँग! चार दिवस डोकं फोडून घेतलं. शेवटी शेजारच्या टेबलावरचा युसूफ म्हणाला, "अरे, तिकडून जवाबच आला न्हाई तर तुझी स्क्रिप्ट वाट बघत बसती. पण रोज दोनलाच कसं काय?"

आईला फोन लावून विचारलं, दुपारी राउटर बंद पडतो का.

"मीच बंद करते की," ती म्हणाली. "सकाळपासून राबून राहिलंय बिचारं. हात लावला तर लई तापलेलं. मी पडते तवा त्याला बी इसावा देते."

स्क्रिप्टला शिकवलं, दोन सेकंदात उत्तर न्हाई आलं तर 'आई झोपली' लिही अन् पुढं चल.

परवा तीन वाजले तरी ठिपका हिरवाच. घाबरून फोन केला. "आई, आज पडली न्हाईस?"

"गुडघा ठणकून राहिलाय, झोपच न्हाई. तुला रे कोणी सांगितलं?"

"तुझ्या राउटरनं."

"बघ," ती म्हणाली, "इसावा दिलेला त्यानं ध्यानात ठेवला."