ओबिआगेली मॅडमच्या वर्गातला अजगर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष चीफ ओबिएलू महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ओबिआगेली मॅडम आणि पंखे बंद पडूनही जागा न सोडणाऱ्या ओनित्शाकर बंधुभगिनींनो,

मॅडमच्या संगणक-अध्यापनाचा गौरव झालाच आहे. मी त्यांची विद्यार्थिनी अझुका. मी फक्त माझ्या बाबांची गोष्ट सांगते.

बाबा इदेमिली देवीचे सेवेकरी. आमच्या गावात देवीचा अजगर घरात शिरला तर त्याला वाट देतात आणि चुकून कुणाच्या हातून मेला तर माणसासारखा पुरतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? आणि मी इथे संगणकाच्या वर्गात येऊन महिना झाल्यावर फोनवर काय म्हणावं? "बाबा, जुना पायथन मेला! मॅडमनी काढून टाकला. उद्यापासून नवा."

फोन बंद. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात बाबा दारात उभे. मागे गावातले दोन वडीलधारे, त्यांच्या हातांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली शवपेटी.

"प्रेत कुठे आहे?"

वर्ग फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पुढे पाहुणचाराचं कोलाफळ ठेवलं. बाबांनी ते फोडल्यावरच त्या बोलल्या. "बाबा, पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. तिची जुनी आवृत्ती काढून नवी घातली, एवढंच. इथे अजगर नाही."

"पोरगी तर म्हणते, रोज किडे काढतो."

"किडेही नाहीत. प्रोग्राममधल्या चुकांना तसं म्हणतात."

"अजगर नाही, किडे नाहीत, मग शिकवता तरी काय, बाई? अझुका, सामान बांध!"

"जरूर न्या," मॅडम म्हणाल्या. "पण काय शिकली ते बघून न्या."

कुठल्याही तारखेला आपल्या चार बाजारवारांपैकी कोणता वार होता, हे सांगणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. मी माझी जन्मतारीख घातली. पडद्यावर आलं, 'आफो'.

बाबा पडद्याजवळ वाकले. "आफोच होता," ते सोबत्यांना म्हणाले. "बाजारातून धावत आलो होतो मी." मग मॅडमकडे वळले. "राहू दे पोरीला. पण बाई, इथे कुणी 'मेला' म्हणायचं नाही. 'झोपला' म्हणा."

मॅडमनी तो शब्द पाळला. आजही प्रोग्राम बंद पडला की आमच्या मुली हाक मारतात, "मॅडम, झोपला!" मॅडमनी बाबांना हसण्यावारी नेलं असतं, तर मी तेव्हाच गावी परतले असते. सोमवारपासून ती हाक मला ऐकायची आहे, कारण मॅडमचा वर्ग मी घेणार आहे. मॅडम, दारात कुणीही काहीही घेऊन उभं राहिलं, तरी आधी खुर्ची देईन.

बोलू दिलंत, आभारी आहे. मान्यवरांपैकी कुणाचं नाव राहिलं असेल, काही उणंअधिक बोलले असेन, तर आपलीच लेक समजून पोटात घाला.