उजवा हात गेला त्या दिशेने

मी, बेपत्ता इसमाचा थोरला भाऊ, वय बावन्न, धंदा वर्तमानपत्राचा वार्ताहर, राहणार भावाच्याच घरी माडीवर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात लाकडी दारांना स्प्रेने पॉलिश मारीत असे. कडेशी पोचताच मनगट किंचित वर उचलायची त्याची लकब होती. त्यामुळे ओघळ येत नसे. हे काम यंत्राला शिकवण्यासाठी कंपनीने त्याच्या उजव्या हातात तारा लावलेला हातमोजा घातला. तेव्हा मी थट्टेने म्हणालो, "शास्त्रात याला परकायाप्रवेश म्हणतात. तुझा हात यंत्राच्या अंगात शिरतोय." त्याने विचारले, "आणि परत यायची सोय?" मी म्हणालो, "असते. पण तोवर मूळ देह कुणीतरी सांभाळावा लागतो." "मग सांभाळ की, दादा," असे म्हणून तो जेवायला बसला.

यंत्र शिकले. भावाला घरी पाठवले. पुढे अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला. तेव्हापासून तो रोज कारखान्यामागच्या कुंपणाशी उभा राहून खिडकीतून यंत्र पाही. त्याची बायको म्हणे, "बाईच्या मागे गेले असते, तर भांडता तरी आलं असतं." एकदा मीही सोबत गेलो. यंत्र कडेशी पोचले आणि त्याने मनगट वर उचलले. भाऊ म्हणाला, "बघ दादा, कसा झक्कास चालतोय हात."

नंतर परदेशी फर्निचरवरचे आयात शुल्क उतरले. ती बातमी मीच दिली होती. 'ग्राहकांना दिलासा' अशी तिची सुरुवात होती. कारखाना बंद पडला. यंत्र परदेशात विकले गेले.

काल सकाळी ते कंटेनरमध्ये चढवले, तेव्हा भाऊ तेथे होता. पहारेकरी सांगतो की, "कुठं नेताय?" असे त्याने विचारले. "बंदरावर. तिथून जहाज. का काका, पोचवायला जाताय?" पहारेकऱ्याने चेष्टा केली. "जातो की," म्हणून भाऊ ट्रकच्या मागे चालू लागला. तो अद्याप घरी आलेला नाही.

वर्णन: उंची मध्यम, अंगात निळा सदरा, उजवा हात लुळा. सदऱ्याची बटणे त्याला लावता येत नाहीत. काल ती मी लावून दिली होती. त्याचा शोध बंदराच्या रस्त्याने आणि पाण्याच्या कडेनेही घ्यावा.

माझा कोणावरही संशय नाही. देह सांभाळायचे काम माझ्याकडे होते.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे.