जोडव्याखालचं बोट

माहा जन्म उमरेडच्या पलीकडचा, गोंडाईच्या टोल्यावरचा, म्हंजे वस्तीवरचा, ताई. बाप जंगलात मजुरीले जाये, माय मोहफुलं येचे, अन् मी दहावी काहून झाली मलेच ठाव नाही, मले त शाळेपेक्षा बकऱ्या बऱ्या वाटे. पन दहावी होती म्हणून सासरी आल्यावर गावानं मले आशा केलं. आशा म्हंजे काय, त गरवार बायाईले दवाखान्यात न्यायचं, लेकराईच्या सुया, गोळ्या वाटणं, अन् समद्याईचं आयकून घेणं.

मंग नागपूरले ट्रेनिंग लागलं, रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात, शुगरवाल्याईच्या पायाचं. तथचा डाक्टर म्हणे, शुगर जुनी झाली का पाय मुके होतेत, काटा रुतला, चटका बसला तरी मानसाले समजत नाही, म्हणून रोज तळपाय पाहा, बोटाच्या बेचक्या कोरड्या ठेवा, अनवाणी फिरू नका, शेकोटीवर पाय धरू नका, बोटात घट्ट काही ठेवू नका. मी मान हालवून राहिली होती अन् मनात एकच, का आमच्या टोल्यात त देवाच्या ठाण्यापासून वावरापर्यंत समदे अनवाणीच, अन् बाईच्या बोटात जोडवं नाही असं नवरा गेल्यावरच होते.

माह्या सासूले, आत्याबाईले, शुगर होतीच. सनावाराले मी त्याईच्या पायावर डोस्कं ठेवे, पन तळवा कधी पाह्यला नव्हता, सुनेनं सासूचा पाय उलटा करून पाहायची आमच्यात रीतच नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसं त्याईले डोये मिटायले लावले अन् बोटाले नायलॉनचा दोरा टोचला, म्हटलं लागलं का आत्याबाई. त्या म्हणे, टोच त पयले. मी त टोचूनच राहिली होती, ताई. मंग जोडवं सरकवाले गेली त सरके ना, बोट सुजून त्याच्यात रुतलं होतं, खाली पांढरी वली कातडी, अन् वास.

गावच्या दवाखान्यातली डाक्टर मॅडम म्हणे, जोडवं आज कापलं नाही त बोट कापा लागन, अन् मंग पाय. आत्याबाई म्हणे, घरवाला खाटेवर बसून हाये अन् मी जोडवं काढू का, पाय गेला त जाऊ दे. मामाजी, म्हंजे माहे सासरे, तवा छातीच्या दुखण्यानं लय खंगले होते. आमच्यात जोडवं उतरवतेत थे विधवा बाया, मातीच्या दिवशी, मंग त्याच्या आधी हात लावन कोन. खरं सांगते, मीबी लावला नसता. शेवटी मामाजीच काठी टेकत दवाखान्यात आले, बायकोचा पाय आपल्या मांडीवर घेतला, आमच्यात कोनता मानूस चारचौघात बायकोचा पाय धरते, अन् कंपाउंडरले म्हणे, काप गा, मी जित्ता मानूस सांगून राहिलो. त्यानं पकडीनं कापलं.

बोट वाचलं. मी रोज पट्टी केली, जखम भरली, अन् जखम भरली तसे मामाजी गेले.

काय सांगू तुमाले. छातीचं दुखणं जुनंच होतं, मॅडमबी तेच म्हणे. पन मातीच्या दिवशी बाया जोडवे उतरवाले बसल्या त एका पायातलं निंगालं अन् दुसऱ्या पायात नव्हतंच, अन् समद्या माह्याकडं पाहून राहिल्या. तवापासून मी आली का बाया पाय लुगड्यात ओढून घेतेत. मले समजतच नाही, ताई. डाक्टरचं खरं हाये थे मले ठाव हाये, अन् बायाईचं खोटं हाये असं माह्या तोंडातून निंगत नाही. माह्याच बोटात जोडवे हायेत, आंघोळीच्या येळी काढून खालची कातडी पाहाते, लगेच परत घालते, अन् मंग घरवाला वावरात बरा हाये का म्हणून फोन करते. हसता काय.

परवा एका बाईकडं गेली, शुगर वाढलेली, पाय सुजलेला, नवरा दारातच बसून. थे पाय दाखवे ना. आत्याबाई माह्या मागं मागं आल्या होत्या, मले ठावच नाही. त्या भुईवर बसल्या अन् आपला मोकळ्या बोटाचा पाय तिच्यापुढं लांब केला. म्हणे, जोडवं असतं त तो राह्यला असता का, मले नाही ठाव वं बाई, पन त्याच्या मातीले मी माह्या पायानं चालत गेली.

मंग त्या बाईनं पाय पुढं केला, पन जोडव्यावर हात ठेवून. मी टाच पाह्यली, तळवा पाह्यला, बोटाचं उद्या पाहू म्हटलं.

बरं ताई, तुमची एष्टी येईन आता. चप्पल घालाच्या आधी झटकून घ्या, अन् तरी एखादा खडा राह्यलाच, त तो लागला पायजे तुमाले, देव करो अन् जलमभर लागत राहो.