बधिर ओठ
डिचोलीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि एक कॉलेजची मुलगी बसली होती. म्हातारीनं पावांची पिशवी उघडली.

"घे गो बाय, गरम उंडे आहेत."

"नको मावशी. ओठ बधिर आहे. चावला गेला तरी कळायचं नाही."

"दाढ काढलीस?"

"नाही, मी दातांची डॉक्टर व्हायला शिकते. आज आम्ही एकमेकांना बधिर करायची सुई दिली. मला साईशनं, त्याला मी."

"अगो! शिकायची दुसरी रीत नाही?"

"आहे ना. दुसऱ्या तुकडीला रबराचं डोकं दिलंय. ते हलत नाही, ओरडत नाही. मार्क त्यांनाच जास्त पडतात."

"मग तुमचा मास्तर खुळा."

"मलाही तसंच वाटायचं. पण सुई बघून साईशनं डोळे घट्ट मिटले, आणि माझा हात आपोआप हलका झाला."

"सोमवारी माझी दाढ काढायची आहे. तुमच्याच कॉलेजात."

"घाबरू नका, मावशी."

"घाबरते कोण? खुर्चीत बसायच्या आधी दाढ काढणारीला फक्त विचारीन, बाय, तुझा ओठ कधी बधिर झाला होता काय?"