बिनखोबऱ्याची पौर्णिमा

—येतील, येतील, मंडळाची माणसं येतील हो, एवढी घाई कसली, नारळीपौर्णिमेचा दिवस, ज्याची त्याची घरची पूजा उरकायला नको का—तुम्ही आधी ही आंबोळी घ्या बघू. गरम आहे तोवरच तिची चव, निवली की चामट होते. आणि हे काळ्या वाटाण्याचं सांबारं. पातळ वाटलं? खरं सांगा. वाटणारच, खोबरं नाही त्यात. तुम्ही मूळचे सावंतवाडीचे, लगेच कळलं तुम्हाला—मुंबईत एवढी वर्षं काढलीत तरी जीभ काही वाडी सोडत नाही, बरं वाटलं मला. नाही हो, विसरले नाही. मालवणात राहून खोबऱ्याशिवाय सांबारं करायचं म्हणजे—आमची शेजारीण हौसाबाई म्हणते, "गो, त्यापरास काढो पी!" माझं व्रत आहे. वर्ष झालं, खोबरं तोंडात घालत नाही, घरात नारळ आणत नाही. दारात दोन माड आहेत, त्यांचे नारळ हौसाबाईच घेऊन जाते. तशी व्रतं मी पुष्कळ केली—सोमवार, संकष्टी, वटपौर्णिमा—पण ती सगळी सोपी. उपास काय, साबुदाणा खाऊन कोणीही करतं. कोकणातल्या बाईनं खोबरं सोडणं कठीण. कठीण आहे म्हणून तर देवीला ते दिलं.

कशासाठी ते सांगते. खा तुम्ही.

मी तुमची गाणी आत्ता, गेल्या वर्षी ऐकली. छप्पन्नाव्या वर्षी! हसा, हसा. म्हणजे नाव ठाऊक होतं—सत्यवान आंगचेकर, मालवणी गाणी स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतःच म्हणतात—जत्रेत खाज्याच्या दुकानांच्या रांगेत तुमची कॅसेट वाजायची, ती इतक्या मोठ्यानं, की देवीसमोर उभं राहून आपण मनात काय मागतोय ते आपल्यालाच ऐकू येऊ नये. मी कानावरून पदर घेऊन पुढं जायची. मला वाटायचं, ही पिणाऱ्यांची गाणी. रागावू नका, आता नाही वाटत. आमच्या सर्वेशनं कितीदा माझ्या कानात ती फोनची बोंडं खुपसायला बघितली—"आये, एकदा तरी आयक गो, हो माणूस आमचाच बोलता"—आणि मी म्हणायची, मेल्या, माझी पोथी राहिलीय. पोथी कुठं पळून जात होती का? पण तेव्हा नाही सुचत हो.

सर्वेश, माझा मुलगा. तो काय तिथं, भिंतीवर. हार नाही घातलेला, बघितलंत ना? घालू दिला नाही मी कोणाला.

अहो पण वाढते ना, ताट मागं ओढू नका, आणखी एक घ्या.

तर आमच्यात कसं असतं, तुम्हाला ठाऊकच आहे—ठाऊक नाही? दर्यावर एवढी गाणी लिहिलीत आणि हे ठाऊक नाही? पावसात सरकारची मासेमारीला बंदी असते, ती उठते श्रावणाच्या आसपास, पण बंदी उठली म्हणून आमचा माणूस होडी लोटत नाही. आधी दर्याला नारळ द्यायचा, मग जाळं टाकायचं. पौर्णिमेला नारळ धुवायचा, पुसायचा, त्याला सोनेरी कागद लावायचा, कुंकू, फुलांची माळ, अगदी नवऱ्या मुलासारखा नटवायचा, आणि घरच्या बाईनं ओवाळून द्यायचा. तो दर्यानं घेतला की दर्या शांत. मग आमची पोरं त्याची, त्याची पोरं आमची. गेल्या साली बंदी उठली आणि पौर्णिमा मात्र राहिली होती लांब. मोठ्या बोटी बाहेर पडल्या, त्यांना कसला नारळ नि कसलं काय. सर्वेश तळमळायचा. त्याचे बाबा—गुणाजी, तुम्ही आलात तेव्हा होडीपाशी होते ना, तेच—ते म्हणाले, "नारळ पडल्याबगर होडी लोटूची नाय." बापलेकांचं वाजलं. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवत होते, तर हा मागच्या दारानं निघाला, गुणगुणत. काय गुणगुणत होता सांगू?

"दर्यो नाय नारळाचो, दर्यो नाय गुरवाचो,
जो उठलो, जो गेलो, दर्यो तेचोच, तेचोच."

तुमचंच आहे. चाल चुकली का माझी? तुमच्यासमोर म्हणायला लाजल्यासारखं होतं.

होडी वेंगुर्ल्याच्या बाजूला मिळाली, पालथी. तो नाही मिळाला. नाही मिळाला म्हणजे गेला, असं नाही ना होत? मला सांगा, तुम्ही शिकलेले. लोक म्हणाले दिवस करा. मी म्हटलं, कुणाचे?

नाही नाही, तुम्ही हात नका थांबवू. मी काही रागावलेली नाही. राग असता तर जेवू घातलं असतं का तुम्हाला?

फोन त्याचा घरीच राहिला होता, देव्हाऱ्याखाली चार्जिंगला. मला वाटलं, कुठंतरी त्याचा आवाज असेल त्यात, असतो ना, मित्रांशी बोललेला—म्हणून आमच्या जावेच्या अपेक्षाला म्हटलं, लाव गो बाय. ती बोंडं मी कानात घातली. तिनं काहीतरी दाबलं आणि एकदम मधूनच तुम्ही सुरू झालात. जिथं त्यानं थांबवलं होतं, तिथून. सर्वेशच्या कानातलं अर्धं गाणं माझ्या कानात आलं. मी हातातला दिवा तसाच धरून उभी. त्या दिवसापासून रोज ऐकते. पोथी वाचताना मन इकडं तिकडं जातं, तुमची गाणी ऐकताना नाही जात—देवीची क्षमा मागून सांगते. बाजारावरचं ते, आजारी म्हशीचं ते, विहिरीत पडलेल्या कळशीचं ते—आमचं सगळं तुम्हाला कसं कळलं, हेच नवल. मी एवढी वर्षं हे सोडून पुढं गेले म्हणून रडायला यायचं. आणि ते दिव्याचं—

"आये, दिवो इजवू नको,
वाट माका गावतली."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खाली बसले. अहो, हे तर तोच सांगतोय! दिवा विझवू नको, मला वाट सापडेल. तो पडवीच्या खांबाला दिवा बघितलात? दर्याच्या बाजूला तोंड केलेला? तेव्हापासून विझलेला नाही. वादळ झालं तेव्हा मी त्याच्याभोवती साडीचा आडोसा धरून बसले होते. हौसाबाई म्हणाली, "खुळावलंस गो." खुळी कशी? तुमचं एक गाणं त्यानं ऐकलं आणि तो गेला. एक मी ऐकलं. एक खरं झालं तर दुसरं का नाही होणार?

गाणं ते गाणं? असं कसं म्हणता? गाणं लिहिणाऱ्यानं असं म्हणू नये हो.

माझं माहेर धामापूर. आमच्या तळ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल लहानपणी—घरात लग्न निघालं आणि दागिने नसले, की फुलांची परडी तळ्यात सोडायची, मनात मागायचं, आणि सकाळी परडी वर यायची सोन्यानं भरून. लग्न झालं की सगळं परत पाण्यात. मग एकानं लोभानं ठेवून घेतलं, तेव्हापासून तळं देईनासं झालं. माझी आई हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, पाण्याशी व्यवहार चोख ठेवावा, बाय. त्याचं त्याला द्यावं, आपलं आपण मागावं. गेल्या साली आमच्या घराकडून दर्याचं राहिलं. नारळाच्या आधी पोर गेला. मग दर्या तरी काय करणार? त्यानं जे समोर आलं ते घेतलं, नारळ समजून. त्याचा दोष नाही. त्याला त्याचं द्यायला हवं, म्हणजे तो आपलं परत करील. सावित्रीनं नवरा मागून आणला ना? मुलगा मागून आणलेली आई ऐकिवात नाही, पण म्हणून काय मागू नये?

मी देवीला कौल लावला. गुरवानं पाकळ्या चिकटवल्या, म्हणाला, "काय विचारूचा आसा?" मी म्हटलं, मनातच विचारते. विचारलं—ज्याच्या शब्दावर पोरगं उठलं आणि गेलं, त्याला तुझ्या दर्याच्या दारात आणून उभं करते, चालेल? तर म्हणता म्हणता उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचं हो. मी डोळे पुसेपर्यंत. एवढ्या पटकन तर अपेक्षाच्या लग्नालाही दिला नव्हता कौल.

म्हणजे तुम्ही, हो. दुसरं कोण?

बसा ना. पाणी देऊ? फोन लागायचा नाही इथं, दर्याकडं तोंड केलं की रेंज जाते. गाडी? गाडी मी परत पाठवली. ड्रायव्हरला म्हटलं, पाहुणे राहणार आहेत, त्यालाही घरची पूजा होती बिचाऱ्याला. मंडळ—आता काय लपवायचं तुमच्यापासून—मंडळ वगैरे काही नाही. मीच ते. पत्र अपेक्षानं लिहून दिलं, तिला वाटतंय खरोखरच सत्कार आहे. आणि आहेच की! शाल आहे, हार आहे, तुम्ही आहात. मंडळाच्या माणसांनी तरी आणखी काय केलं असतं, भाषणं? खोटं बोलले त्याचं प्रायश्चित्त मी घेईन, उद्यापासून मीठ सोडीन.

करायचं काही नाही तुम्हाला. होडीत बसायचं, गुणाजी वल्हवतील, त्या समोरच्या खडकाच्या पलीकडे जायचं, आणि तिथं ते म्हणायचं—"जो उठलो, जो गेलो." दर्याला ऐकू जाईल असं. गाणं लिहिणाऱ्यानं एकदा जाऊन बघायला नको का, आपण कुठं पाठवलं ते? तुम्ही कधीच गेला नव्हतात? होडीतसुद्धा नाही? मग ते सगळं दर्याचं—मुंबईत बसून? चौथ्या माळ्यावर! बघा. आणि मला वाटायचं, ह्या माणसाचं अर्धं आयुष्य लाटांवर गेलं असेल. असो. माझ्या गाण्यांना काही कमीपणा नाही येत त्यानं.

पोहता येत नाही?

सर्वेशला येत होतं.

अहो, उभे काय राहिलात एकदम, दाराला कडी नाही लावलेली, जाल कुठं पण—पलीकडे सडा, नुसता उघडा कातळ, अलीकडे पाणी, आणि वाडीतली सगळी माणसं आज बंदरावर. उगाच धावून घाम काढू नका. मला घाबरता? मला? मी मुंगीसुद्धा वाचवून चालते, हौसाबाईला विचारा. गुणाजींना घाबरू नका. ते बोलत नाहीत, तेव्हापासूनच बोलत नाहीत फारसे, तुमच्यावर राग म्हणून नाही. सकाळपासून होडी पुसतायत. मी विचारलं, पाहुण्यांना नेणार ना? तर नुसती मान हलवली. किती दिवसांनी मान हलवली त्यांनी.

थांबा, कुंकू लावते. वाका जरा, उंच आहात. सर्वेशही उंच होता, त्यालाही असंच म्हणायची, वाक मेल्या. ही शाल घ्या अंगावर, उकडलं तरी काढू नका, सोनेरी काठ किती शोभतोय बघा तुम्हाला. ही अबोलीची माळ, पहाटे मीच ओवली. गळ्यात घालू दे. हात खाली घ्या ना. असं. दाराकडं काय बघताय—उपाशी राहिलात, मी म्हणत होते आणखी एक आंबोळी घ्या. डोळे मिटा, ओवाळते. अगो बाई. देखणे दिसताय.

दुसऱ्या खोलीत त्याची गादी घालून ठेवलीय मी. पेजेला तांदूळ काढलेत. भिजून येणार ना तो, पहिल्यांदा पेजच मागेल. आणि उद्या खोबरं वाटीन. भरपूर. सगळ्या वाडीला वास गेला पाहिजे.

ऐकलंत? गुणाजी हाक मारतायत—"सर्वेशाचे आवशी, ओहोटी लागली गो!" बघा, बोलले. ओहोटीला निघालं की वल्हवायला फारसं लागत नाही, पाणीच नेतं.

काय? हो, पूजेचं ताट हेच. कुंकू, अक्षता, फुलं, कापूर. अजून काय राहिलं?

नारळ?

नारळ आणूक नाय यंदा.

चला आता. चपला हयंच ऱ्हवांदेत.