होडीवरचं नाव

जाहिरातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या वडिलांना अख्खी रत्नागिरी 'दादा वकील' म्हणायची. भागीरथी खारविणीची होडी दिरांनी बळकावली होती, ती दादांनी कोर्टातून सोडवून दिली. तर बाईने होडीवर ठळक रंगात लिहून घेतलं, 'दादा वकील'. दादा तडक बंदरावर गेले.

"भागीरथी, आधी ते पूस गो. वकिलाने जाहिरात केली तर सनद जाते."

"मी लिवलंय, तुमी नाय."

"ते जज्जसाहेबांना कोण पटवणार?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर बाईने फक्त 'वकील' खरवडलं होतं.

"आणि हे 'दादा'?" वडिलांनी विचारलं.

"ता ऱ्हावदे. भावाला सनद नाय लागत."

दादांना सख्खी बहीण नव्हती. त्या भाऊबीजेला ते काळा कोट खुंटीला टांगून खारवीवाड्यात ओवाळून घ्यायला गेले.