सामुराईला आग्रह

माझ्या सामुराईच्या पदकाला हसताय ना, मग ते मिळालं कसं तेही ऐका. मस्कतला आमचा एक ग्रुप होता. शुक्रवारी जमून आम्ही जुन्या युरोपातले सरदार बनायचो. मी एकटाच हट्टाने सामुराई. राजा म्हणजे तिथल्या गाला भागातल्या आमच्या ऑफिसचा आयरिश मॅनेजर. बक्षीस घेताना सगळे त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. मी ठरवलं, आपण जपानी रीतीने घ्यायचं: दोनदा नम्रपणे नाकारायचं, तिसऱ्यांदा स्वीकारायचं. फक्त हे राजाला सांगायचं राहिलं.

वर्षभर घाम गाळून कमावलेलं तलवारबाजीचं पदक त्याने पुढे केलं. मी वाकून म्हटलं, "नो, सर." त्याने परत विचारलं. मी आणखी वाकलो, "नो, नो, सर."

"ओके, खलास! नेक्स्ट!"

मी वाकलेलाच. तेवढ्यात आमची ही उठली, तडक स्टेजवर गेली, राजाच्या हातातलं पदक घेतलं आणि पंगतीत जिलबी वाढावी तसं माझ्यापुढे धरलं. "घ्या हो एवढं, माझी शपथ!"

मी दोन्ही हातांनी घेतलं.

राजाने हिला विचारलं, "ही जपानी पद्धत?"

"हो," ही म्हणाली, "सांगलीकडची."